रुळांआधीचं स्टेशन

ओमानमधलं इब्रा मागे टाकून वाळवंटाच्या अंगाने पुढे गेलं की डांबर संपतं आणि खडीचा रस्ता लागतो. त्या रस्त्याच्या टोकाला कंपनीने एक स्टेशन बांधलं होतं. फलाट होता, फलाटावर पत्र्याचं छप्पर होतं, छपराखाली लांबलचक सिमेंटचं बाक होतं. भिंतीवर घड्याळ होतं. तिकिटाचं यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभं होतं. नावाची पाटीसुद्धा रोवलेली होती, फक्त तिच्यावर नाव लिहिलेलं नव्हतं. आणि रूळ नव्हते. रूळ मागाहून येणार होते. मांडव घालून झाला, केळीचे खांब बांधून झाले आणि नवरामुलगा अजून ठरायचा आहे, अशातली ही गत. पण कंपनीचे कारभार कंपनीलाच शोभतात, आपण त्यात बोलणारे कोण!

सुगंधा तिथे आली ती घर्बीच्या दिवसांत. घर्बी म्हणजे उन्हाळ्यात पश्चिमेकडून सुटणारा कोरडा वारा. तो सुटला की आठ-आठ दिवस पडत नाही, आणि येताना आख्खं वाळवंट पाठीवर घेऊन येतो. तिचा नवरा बाळकृष्ण पालव कणकवलीकडचा, फरशी बसवणारा. मस्कतच्या गाला भागातल्या एका कंपनीत लादी घासता घासता फोरमन झाला, तेव्हा त्याने बायकोला बोलावून घेतलं. मस्कतमध्येच दार्सैतला कृष्णमंदिराच्या मागच्या गल्लीत एका खोलीत त्यांचा संसार होता. सुगंधा तिथे एकट्यादुकट्या बाप्यांचे डबे करायची. मुलगी पूर्वा कुडाळला मामाकडे राहून शिकत होती. सगळं कसं बेताचं पण नीट चाललेलं.

मग या स्टेशनाचं काम निघालं आणि बाळकृष्ण तिकडे गेला. फलाट पुरा झाला, आणि पुढचं काम अडलं म्हणून कंपनीने मजूर परत नेले. स्टेशन कुणी ताब्यात घेईपर्यंत वाळू काढायला एक माणूस ठेवायचा ठरलं, आणि तो माणूस बाळकृष्ण ठरला. काही दिवस गेल्यावर त्याचा फोन आला.

"येतंस काय गो थोडे दिवस? हंय बोलूक माणूस नाय."

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने असं काही मागितलं नव्हतं. भाजीत मीठ नसेल तरी तो मुकाट्याने जेवून उठायचा. सुगंधाने डबे शेजारणीच्या गळ्यात घातले, डाळ-तांदूळ बांधून घेतले आणि पाण्याच्या टँकरमध्ये बसून आली. टँकरचा ड्रायव्हर ओवेस बांद्याचा होता, म्हणजे घरचाच म्हणायचा. वाटेत तो गावच्या जत्रेपासून मोरी माशाच्या मटणापर्यंत सगळं बोलला. खडीचा रस्ता लागल्यावर मात्र गप्प झाला, आणि स्टेशनापाशी पाणी उपसून होताच चहालाही न थांबता निघून गेला.

पत्र्याची केबिन होती राहायला. एक खिडकी, एक पंखा, गॅसची शेगडी. पहिल्याच दिवशी सुगंधाला कळलं की इथे वाळू ही काढायची वस्तू नाही, ती सोबत राहायची वस्तू आहे. डाळीत वाळू, उशीत वाळू, देवाच्या तसबिरीमागे वाळू. दातांत सतत करकर. तिने तोंडाला ओढणी गुंडाळली, हातात फावडं घेतलं आणि नवऱ्याच्या जोडीला उभी राहिली. एकाने फावड्याने ओढायची, दुसऱ्याने घमेल्यात भरून ढकलगाडीत टाकायची, गाडी फलाटाच्या उतरणीवरून खाली नेऊन पालथी करायची. मागून खराटा. उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत, आणि मग ऊन कलल्यावर पुन्हा. वारा आपली एक बाजू साफ झाली की दुसरी भरायचा. तिच्या तळव्यांना भेगा पडल्या, नाकातून रक्त येऊ लागलं. बाळकृष्णाची मान उन्हाने करपून तिची सालं निघत होती. तरी तो फरशीच्या सांध्यांतली वाळू खिळ्याने कोरून काढायचा, कारण फरशी त्याने स्वतः बसवलेली होती.

रोज सकाळी त्याला फलाटाचा व्हिडिओ पाठवावा लागे. तिकडे मस्कतमध्ये कौशिक नावाचा इंजिनीअर होता, पुण्याचा. पोरगा वाईट नव्हता, पण थंड खोलीत बसणाऱ्याचा सूर त्याला लागलेला होता. एकदा व्हिडिओत सुगंधा घमेलं घेऊन जाताना दिसली, तर त्याने फोन करून सांगितलं की काकूंना जरा फ्रेमच्या बाहेर ठेवा, क्लायंटला पाठवायचं असतं. त्यानंतर व्हिडिओ निघेपर्यंत सुगंधा केबिनच्या आडोशाला उभी राहायची, हातात खराटा धरून. तिला त्याचं वाईट वाटलं आणि ते तिने नवऱ्याला बोलूनही दाखवलं. त्यावर बाळकृष्णाने कौशिकचीच एक गोष्ट सांगितली. त्या पोराने त्याला मोबाइलवर फोटो दाखवला होता, जपानमधल्या एका खेड्यातल्या स्टेशनाचा. भाताच्या खाचरांत एवढंसं स्टेशन, मास्तर नाही, हमाल नाही, तिकीट द्यायला कुणी नाही, आणि तरी सगळं लख्ख. तसंच आपलंही होणार, माणूस लागणार नाही, असं तो म्हणाला होता. बाळकृष्णाने विचारलं होतं, मग झाडतं कोण? कौशिकने हसून सांगितलं, गावातली माणसंच येऊन झाडतात. ही गोष्ट बाळकृष्णाच्या मनात घर करून बसली होती. आपल्या स्टेशनाला गावच नाही, याची त्याला खंत वाटे.

बाकावरची ती जागा सुगंधाला पहिल्यांदा दिसली तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. रात्रभर वारा झाला होता. सकाळी फलाटावर घोट्याएवढी वाळू होती, बाकावरही तिचा थर बसलेला. फक्त बाकाच्या एका टोकाला, एक माणूस बसेल एवढी जागा स्वच्छ होती. पुसल्यासारखी. खाली पाय टेकतात तिथेही फरशीचे दोन तुकडे उघडे. हे पहाटे येऊन बसले असतील, असं तिने मनाशी म्हटलं आणि फावडं उचललं.

दुसऱ्या दिवशी तशा दोन जागा होत्या, शेजारी शेजारी. तेव्हा तिने विचारलं. बाळकृष्ण म्हणाला, मी नाही बसलो. तो तिच्याकडे न बघता म्हणाला आणि ढकलगाडी घेऊन खाली गेला. छपराला कुठे फट असेल, वारा तिथे वळत असेल, असं सुगंधाने स्वतःला समजावलं. ती बाकाशी वाकली. उघड्या सिमेंटवर तळवा ठेवला तर ते कोमट होतं, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं. बाकीचं बाक सकाळच्या गारव्याने थंड होतं. तिने हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

यानंतर बाळकृष्ण बदलत गेला. झाडताना तो त्या जागांना वळसा घालून झाडायचा, जसं आपण पंगतीत बसलेल्यांच्या मागून वाढत जातो. फलाटावर बोलताना आवाज खाली आणायचा. पाण्याचा जार आणि पेला त्याने बाकापाशी नेऊन ठेवला. एका संध्याकाळी तिने चहा टाकला तर म्हणाला, जरा वाढव. कुणासाठी, असं तिने विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण उत्तराची भीती वाटली. बाक भरत चाललं होतं. मोठ्या माणसांच्या जागा, त्यांत मध्येच एखादी अरुंद, पोराच्या बसण्याएवढी. सगळ्यांचे पाय एकाच बाजूला, जिथून रूळ जायचे होते तिकडे.

पाणी घेऊन ओवेस आला तेव्हा तिने त्याला बाक दाखवलं. तो फलाटाच्या पायरीशीच थांबला. वर चढायला तयार होईना.

"वयनी, माका ह्या आधीच दिसला होता. म्हणान मी हय चाय पिवक थांबनय नाय."

मग त्याने टाकीत पाणी सोडलं, आणि जाताना सांगितलं की फोन कर, कधीही कर, मी येईन. तो गेल्यावर सुगंधाला पहिल्यांदा त्या जागेचा एकांत अंगावर आला. आजूबाजूला घर म्हणून नव्हतं. टेकाडापलीकडे चार खजुरीची झाडं आणि एक ओमानी वस्ती होती. तिथली एक म्हातारी, खुदेजा तिचं नाव, शेळ्या घेऊन फलाटाच्या सावलीला यायची. तिचं हिंदी मोडकं, सुगंधाचं त्याहून मोडकं, पण दोघींचं जमत असे. खुदेजा खजूर द्यायची, सुगंधा तिला भाकरी द्यायची.

खुदेजा कधीच बाकावर टेकत नसे, हे सुगंधाच्या तेव्हा लक्षात आलं. तिने कारण विचारलं. म्हातारीने काठीने फलाटाखालची जमीन दाखवली. इथे समरचं, बाभळीच्या जातीचं, मोठं झाड होतं, ती म्हणाली. कंपनीने तोडलं. पूर्वी इथले पुरुष आफ्रिकेला जायचे, झांझिबारला, पोटासाठी. त्यांना बंदरावर नेणारा उंटांचा तांडा इथून निघायचा आणि इथेच परत यायचा. घरची माणसं या झाडाखाली बसून वाट बघायची. कुणी वर्षाने यायचं, कुणी यायचंच नाही.

"मेरा उम्मी, माँ, इधर बैठता था," खुदेजा म्हणाली. "बाबा नहीं आया. उम्मी रोज बैठता. फिर उम्मी मर गया." तिने बाकाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, जरा रागच होता. "अभी कौन बुलाया इनको? झाड नहीं, तो जाने का था. खलास. कौन बुलाया?"

याचं उत्तर कुणाकडे असेल ते सुगंधाला ठाऊक होतं. दुपारी जेवताना तिने नवऱ्याच्या ताटात भात वाढला आणि ताट हातातच धरून ठेवलं. फलाट बांधायच्या आधी तुम्ही इथे काय केलंत, ते सांगा, म्हणाली. बाळकृष्णाने सांगून टाकलं. त्याने गाऱ्हाणं घातलं होतं.

आता नव्या जागेत काम सुरू करताना जागेवाल्याला, म्हणजे ती जागा राखणाऱ्या दैवताला, गाऱ्हाणं घालणं ही काही त्यांच्याकडे विशेष गोष्ट नव्हती. नारळ ठेवायचा, त्या सीमेच्या राखणदाराला काय हवं ते खड्या आवाजात मागायचं. मागणारा एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सुगंधाचे वडील गावचे मानकरी होते, देवळात गाऱ्हाणं तेच घालत. त्यांचा एक दंडक होता. माणसांनी होय म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य तोंडातून काढायचं नाही, आणि होय म्हणायला माणसं नसतील तर गाऱ्हाणं घालायचंच नाही. ते म्हणत की माणसं होय म्हणतात ती देवाला ऐकू जावं म्हणून नव्हे. मागणाऱ्याने भलतंच काही मागितलं तर माणसं गप्प राहतात, आणि ते मागणं तिथेच खाली पडतं. त्यासाठी माणसं लागतात.

बाळकृष्णाने ते एकट्याने घातलं होतं. बरोबरचे मजूर दुसऱ्या मुलखांतले, त्यांना त्यातलं काय कळणार! इब्र्याच्या बाजारातून आणलेला नारळ त्याने त्या झाडाच्या बुंध्याशी ठेवला होता.

"काय मागलात?" सुगंधाने विचारलं.

"हय माणसा येवंदेत, मागलंय. बाक कधी रिकामा ऱ्हवा नये, मागलंय."

"आणि व्हय कोण म्हणाला?"

"कोण नाय. मी सवयीन थांबलंय." त्याने भात चिवडला. "मी थांबलंय काय वारो पडायचो. दर वाक्याक पडलो. माका वाटला, व्हय म्हणालो."

सुगंधाने ताट खाली ठेवलं. तिला नवऱ्याचा राग आला आणि तेवढीच कीवही आली. आयुष्यभर ज्याने स्वतःसाठी काही मागितलं नाही, त्याने मागितलं ते एका बाकासाठी! तिने मनात पक्कं केलं की या माणसाला इथून बाहेर काढायचं, आणि ते लवकर.

तशी संधी चालूनही आली. कौशिकचा फोन आला. आराखडा बदलला होता. रूळ आता दुसऱ्या बाजूने जाणार होते, हे स्टेशन आता नको झालं होतं. केबिन नंतर उचलू, तुम्ही सामान आवरा, ओवेसच्या टँकरमधून परत या, गाला भागात दुसरं काम आहे. तो बोलत होता ते शेजारी उभ्या सुगंधाला ऐकू येत होतं. मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तिने त्याच क्षणी दोरीवरचे कपडे काढून पिशवीत भरायला घेतले.

बाळकृष्ण फोन खिशात टाकून फलाटाकडे निघाला होता. सामान बांधायला या म्हटलं तर तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर संकोच होता, लग्नघरातून जेवायच्या आधी उठावं लागणाऱ्या माणसासारखा.

"तू जा," तो म्हणाला. "येवढी माणसा बसलेली आसत. गाडी येवची नाय म्हणान तेंका कोण सांगतला?"

ती हात जोडून बोलली, रडून बोलली. पूर्वाला फोन लावून दिला. त्याने लेकीची चौकशी केली, अभ्यास कर म्हणाला, आणि जाण्याबद्दल विचारताच फोन सुगंधाच्या हातात दिला. दोन दिवस तो जेवला नाही म्हटलं तरी चालेल. घोटभर चहा घ्यायचा आणि फलाटावर जायचा. पण आता झाडत नव्हता. बाकाच्या टोकाशी नुसता उभा राहायचा. बाक भरलं होतं, फक्त अगदी शेवटी एका माणसाची जागा उरली होती, आणि तिथेच तेवढी वाळू होती. तो त्या वाळूकडे बघत राहायचा. सुगंधाने ओवेसला फोन केला आणि उद्याच्या उद्या ये म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर्बीने कहर केला. सूर्य उगवला तो तांब्याच्या पातेल्याच्या बुडासारखा, आणि थोड्या वेळाने तोही दिसेनासा झाला. सुगंधा जागी झाली तेव्हा केबिनचं दार उघडं होतं आणि शेजारचं अंथरूण वाळूने भरलं होतं. तिने ओढणी तोंडाला गुंडाळली आणि बाहेर पडली. वाळू गालावर सुयांसारखी टोचत होती. हातभर पुढचं दिसत नव्हतं. पायांना वाट ओळखीची होती म्हणून ती फलाटाच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचली आणि छपराच्या खांबाला धरून उभी राहिली. छपराखाली मात्र थोडं दिसत होतं.

बाळकृष्ण शेवटच्या जागेवर बसला होता. हात गुडघ्यांवर, नजर समोर. वाऱ्याने पत्रे खडखडत होते, घड्याळाच्या काचेवर वाळू तडतडत होती, आणि त्याच्या डोक्याचा केससुद्धा हलत नव्हता. त्याचा पांढरा शर्ट कालपासून अंगावर होता, मळलेला, घामेजलेला. आता तो इस्त्रीचा दिसत होता. मानेवर कण नाही, पापण्यांवर कण नाही. सुगंधाच्या तोंडात वाळू, कानात वाळू, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने त्याच्या खांद्याला धरून हलवलं. खांदा कोमट होता, त्या सिमेंटसारखा. तिने हाक मारली. त्याने ऐकलं असावं, कारण तो थोडा सरकला, तिला बसायला जागा करून दिल्यासारखा. ते बघून सुगंधा भ्यायली आणि मागे सरत सरत खाली बसली.

टँकरचा भोंगा वाजला तेव्हा ती फरशीवर बसली होती. ओवेस दिवे लावून आला होता. वाटेत वस्तीपाशी त्याला खुदेजा भेटली, वाऱ्यात काठी टेकत निघालेली, तिलाही त्याने गाडीत घेतलं होतं. दोघांनी पायरीखालून बाळकृष्णाला बघितलं. ओवेसने तोंडातल्या तोंडात अल्लाचं नाव घेतलं आणि उचलून नेऊ म्हणाला. त्याने तिघांच्या वतीने धीर केला, वर चढला, काखेत हात घालून ओढलं. चांगला दांडगा माणूस तो, भरलेल्या टँकरचं चाक बदलणारा, पण बाळकृष्ण तसूभर हलला नाही.

तेव्हा सुगंधा उठली. तिच्याकडे नारळ नव्हता. खुदेजाच्या फडक्यातले खजूर तिने मागून घेतले, पेल्यात पाणी घेतलं आणि दोन्ही बाकासमोर फरशीवर ठेवलं. बाईने गाऱ्हाणं घालायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. देवळात ती कायम मागे उभी राहिली होती, वडिलांची पाठ बघत. पण एकेक शब्द तिला पाठ होता. तिने ओवेसला सांगितलं की मी थांबले की तू होय म्हण. ओवेसला समजावून सांगावं लागलं नाही. बांद्याच्या पोराने ते लहानपणापासून ऐकलेलं होतं. तो मान हलवून खांबाला पाठ लावून उभा राहिला.

"बा जागेवाल्या म्हाराजा," सुगंधाने आवाज चढवला. "ह्ये सीमेत जो कोण तू राखणदार आसशीत, तुझा नाव माका ठावक नाय, तुझी भाषा ठावक नाय. माझ्या भाषेत सांगतंय, ता समजून घे."

"व्हय म्हाराजा," ओवेस म्हणाला.

"ह्या माणसान एकट्यान गाऱ्हाणा घातल्यान. व्हय म्हणूक कोण नव्हता. चूक झाली ती पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

"हय जी कोण बसलेली आसत, तेंची गाडी येवची नाय. तेंका तेंच्या घरची वाट दाखव."

"व्हय म्हाराजा," ओवेस म्हणाला, आणि खुदेजाला त्यातलं काय उमगलं कोण जाणे, पण तीही काठी आपटून आपल्या भाषेत होय म्हणाली, "ऐवा."

बाकाच्या त्या टोकाला, जिथे पहिली जागा होती, तिथे वाळू येऊन पडली. मूठभर पडली, मग पसाभर. मग शेजारच्या जागेवर. सुगंधा बघत होती. एकेक जागा भुरभुर भरत इकडे येत होती, कुणीतरी उठून जावं तशी. ती अरुंद जागाही भरली. बाळकृष्णाच्या शेजारची भरली. आणि तिथेच थांबली. त्याच्या खांद्याशी वाळू येऊन दोन बाजूंना फाटत होती, त्याचा शर्ट तसाच लख्ख. बाक कधी रिकामं राहू नये, असं त्याने मागितलं होतं. कुणीतरी एक लागणारच होतं.

ते सुगंधाला कळलं आणि ती विचार करायला थांबली नाही.

"ह्येंका सोड," ती म्हणाली. "तुका मोजूक एक माणूस व्हयोच आसात, तर माका मोज. पण ह्येंका सोड."

आणि सवयीने थांबली.

ओवेसने होय म्हटलं नाही. तो खांबापासून पुढे आला होता, मान हलवत होता. "वयनी, नाय. ह्या मागां घे." खुदेजाने हात वर केला होता, जणू कुणाला तरी अडवत होती. कुणीच होय म्हणालं नाही.

वारा पडला.

एकदम पडला. पत्रे गप्प झाले. हवेतली वाळू सरळ खाली आली, आणि त्या शांततेत बाळकृष्ण खोकला. तो वाकून खोकत राहिला. त्याच्या केसांतून, कानांतून, कॉलरच्या आतून वाळू गळायला लागली, इतक्या दिवसांची सगळी एकदम अंगावर आल्यासारखी. डोळे चोळत त्याने विचारलं की तू इथे खाली का बसली आहेस, आणि प्यायला पाणी मागितलं. सुगंधाने त्याला धरलं आणि ती हमसून रडली. ओवेसने बाकीचं काही विचारू दिलं नाही. यल्ला, यल्ला म्हणत घाईघाईने त्याने पिशव्या टँकरमध्ये फेकल्या. वस्तीपाशी खुदेजा उतरली. उतरताना तिने सुगंधाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, तो उलटासुलटा करून बघितला आणि सोडून दिला.

इब्र्याला पोहोचेपर्यंत पुन्हा वारा सुटला होता. रस्त्याकडेच्या मलबारी चहावाल्याकडे ओवेसने गाडी थांबवली. बाळकृष्णाला सपाटून भूक लागली होती. त्याने पराठ्यावर पराठा खाल्ला, दातांत वाळू लागते म्हणून चहावाल्याशी कुरकुर केली, नाक शिंकरलं, सालं निघालेल्या मानेला वाळू चरचरते म्हणून कळवळला. ते सगळं बघून सुगंधाचं मन भरून आलं. आपला माणूस परत मिळाला होता. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि त्याची मान पुसायला घेतली. पदर लगेच मळला. तिने तो झटकला, आणि टोक पुन्हा स्वच्छ झालं. अगदी धुतल्यासारखं.

मग तिने आपला हात बघितला. भेगा तशाच होत्या, पण त्यांत वाळू नव्हती. नखांत नव्हती. तिने जीभ दातांवरून फिरवली. करकर नाही. समोरच्या रस्त्यावर वाळूचे लोट चालले होते, ओवेस डोळे मिचकावत होता, टेबलावर बघता बघता थर बसत होता. तिच्या कोपराभोवती तेवढी जागा स्वच्छ होती.

तिने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि पदराखाली झाकले. ओवेसने ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

"काय गो, थंय काय बघतंस?" बाळकृष्णाने घास चावता चावता विचारलं.

आपण रस्त्याकडे, आलो त्या दिशेला बघतो आहोत, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

"काय नाय," सुगंधा म्हणाली. "तुमी खावा." आणि शेजारी कुणाला बसायला जागा करून दिल्यासारखी ती थोडी सरकली.